दुसरीच्या नावाचं कार्ड

गेल्या महिन्यात विहारात सिनेमा दाखवला. पडदा म्हणजे दोन खिळ्यांना ताणून बांधलेली चादर. समोर पंधरावीस पोरं, सहासात पोरी आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या चार म्हाताऱ्या. सिनेमा बोस्निया देशातला. भाषा कुणालाच येत नव्हती. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती मी मोठ्यानं मराठीत सांगत होतो. अर्धा तास झाला आणि मागून एक म्हातारी म्हणाली, "आता गप ऱ्हा बाबा. कळतंय समदं."

सिनेमा संपला. दिवे लावले तरी कुणी उठेना. मग अकरावीतल्या एका पोरीनं विचारलं, "दादा, ते कार्ड तर दुसरीचं होतं ना? आपण इथं पंचशील म्हणतो. बावीस प्रतिज्ञांत पण खोटं बोलणार नाही असं आहे. मग त्या बाईनं केलं ते काय?"

दोघंतिघं हसले. एक जण म्हणाला, "बाई मरायला लागलीय आणि हिला शील सुचतंय." पोरगी खाली मान घालून बसली.

ते हसणं मला आवडलं नाही. त्या रात्री विचारलेला तो एकच खरा प्रश्न होता आणि माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहितोय. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो.

सिनेमाचं नाव मराठीत आणायचं तर 'लोखंड वेचणाऱ्याच्या आयुष्यातला एक प्रसंग'. साल २०१३. दिग्दर्शक दानिस तानोविच. नाझिफ मुयिच हा रोमा जमातीतला माणूस. गावोगाव फिरून भंगार वेचतो, मोडक्या गाड्या कुऱ्हाडीनं फोडतो, लोखंड वजनावर विकतो आणि त्यावर घर चालवतो. बायको सेनादा, दोन लहान पोरी. बाहेर बर्फ. सेनादा पाच महिन्यांची गरोदर आहे. तिच्या पोटात दुखायला लागतं. तपासल्यावर कळतं, मूल पोटातच मेलंय. ताबडतोब ऑपरेशन पाहिजे, नाहीतर आतलं विष रक्तात पसरून बाई जायची.

तुझला शहरातल्या हॉस्पिटलात जातात. विम्याचं कार्ड आहे का? नाही. मग ९८० मार्क भरा. म्हणजे पाचेकशे युरो. नाझिफ म्हणतो, हप्त्यानं देतो. नाही. हातापाया पडतो. नाही. मेलेलं मूल पोटात घेऊन बाई घरी परत येते. नाझिफ उकिरड्यावर जाऊन बर्फाखालून लोखंड उकरत बसतो. पुन्हा हॉस्पिटलात जातात, पुन्हा नाही. शेवटी नात्यातल्या एका बाईचं विम्याचं कार्ड मागून घेतात, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात जातात आणि सेनादा त्या दुसरीचं नाव सांगून टेबलावर झोपते. वाचते. घरी येतात तर बिल थकलं म्हणून वीज तोडलेली. नाझिफ स्वतःची गाडी फोडून भंगारात विकतो, बिल भरतो, औषधं आणतो. वीज येते. दुसऱ्या दिवशी चुलीसाठी पुन्हा लाकडं फोडायची. संपला सिनेमा.

यातलं काहीही रचलेलं नाही. हे त्या कुटुंबावर खरोखर गुदरलं होतं. दिग्दर्शकानं बातमी वाचली, तो त्यांच्या घरी गेला, आणि पडद्यावर नाझिफच नाझिफ झाला, सेनादाच सेनादा झाली. त्यांच्या पोरीही त्यांच्याच. कुणाचं नावसुद्धा बदललेलं नाही. हे नावाचं लक्षात ठेवा, त्याकडं मी परत येणार आहे.

आता प्रश्न. तिनं खोटं सांगितलं का? सांगितलं. इथं शब्दांची कसरत करण्यात अर्थ नाही. जे नाव तिचं नव्हतं ते तिनं आपलं म्हणून सांगितलं. मग ते वाईट होतं का?

आपल्या पोरांनी हसून जे उत्तर दिलं ते पहिलं उत्तर: गरिबाला सगळं माफ. जीव जात असताना कसलं शील? हे उत्तर प्रेमानं दिलेलं असतं, पण त्यात एक मेख आहे. 'तुमच्याकडून आम्ही खरेपणाची अपेक्षाच करत नाही' हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. नीती ही पोटभरल्यांची, तुम्ही आपले जगा कसेतरी. मनूनं वेगळं काय सांगितलं? आमच्यासाठी नीतीच नाही असं म्हणणारा आम्हाला माणसांतून काढतो, मग तो दयेनं म्हणो की द्वेषानं. आपल्या पोरीनं शिलाचा प्रश्न विचारला तेव्हा ती सेनादाला पूर्ण माणूस समजून विचारत होती. हसणारे तिला बिचारी समजत होते. फरक एवढाच, पण मोठा आहे.

दुसरं उत्तर कडक: खोटं ते खोटं. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ १७९७ साली इथपर्यंत गेला की तुमचा मित्र घरात लपलाय आणि त्याचा खुनी दारात येऊन विचारतोय, तरीही खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. या उत्तराचा धाक मोठा आहे. पण आता सिनेमा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर बसलेली माणसं एक शब्द तरी खोटं बोलतात का? कार्ड नाही, हे खरं. पैसे भरल्याशिवाय होणार नाही, हे खरं. फी इतकी आहे, हेही खरं. सगळे खरं बोलतात आणि बाई मेलेलं पोर पोटात घेऊन बर्फातून घरी जाते. त्या हॉस्पिटलात मुसावादाचं शील कुणीच मोडलं नाही. तोंड स्वच्छ आणि हात बांधलेले. असल्या खरेपणाचं करायचं काय?

म्हणून मी राहुलाकडं गेलो. मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. अशोकानं भाब्रूच्या लेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी पुन्हा पुन्हा ऐकावीत अशी जी वचनं सांगितली, त्यात राहुलाला खोट्याविषयी केलेला हा उपदेश आहे. तथागत भांड्यात तळाशी उरलेलं थोडंसं पाणी राहुलाला दाखवतात. जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रमणत्व एवढंच थोडं. मग ते पाणी ओतून टाकतात, मग भांडं पालथं घालतात. थट्टेतसुद्धा खोटं बोलू नकोस म्हणतात. इथवर कांटासारखंच वाटतं. पण सुत्त इथं थांबत नाही. पुढं ते राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसंच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघ, यानं मला इजा होते का, दुसऱ्याला होते का, दोघांना होते का.

एकाच उपदेशात दोन्ही गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये अहिंसेविषयी लिहिताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला, तो इथं कामाला येतो. नियम आंधळा असतो, तो फक्त पाळायचा. तत्त्व तुम्हाला विचार करायला लावतं आणि केलेल्याची जबाबदारी तुमच्यावर टाकतं. शील हे तत्त्व आहे असं धरलं तर सेनादाला माफीही मिळत नाही आणि शिक्षाही नाही. तिच्यापुढं आरसा येतो.

तर आरशात बघू. इजा कुणाला झाली?

हॉस्पिटलाला? एका ऑपरेशनचे पैसे दुसऱ्याच्या विम्यातून गेले. ज्यांनी विमा भरला त्यांचे ते पैसे. हे नाकारायचं नाही. पण हा निधी कशासाठी असतो? बाई वाचावी म्हणूनच ना? आणि नाझिफ त्या देशासाठी लढाईत लढून आलेला माणूस. देश त्याला सैनिक म्हणून ओळखत होता, रोगी बायकोचा नवरा म्हणून ओळखत नव्हता.

मग कार्ड देणाऱ्या बाईला? इथं मला थांबावं लागलं. पकडले गेले असते तर तीही अडकली असती. धोका कुणाच्या डोक्यावर गेला? दुसऱ्या गरीब बाईच्या. शिवाय कागदावर एक ऑपरेशन तिच्या नावावर चढलं जे तिचं कधी झालंच नाही. उद्या तिला खरंच काही झालं तर डॉक्टर त्या कागदावर विश्वास ठेवून औषध देईल.

आणि सेनादाला? कागदापुरती ती आजारी पडलीच नाही. तिचं मूल मेलंच नाही. सरकार आकडे काढेल तेव्हा त्यात ती नसेल. आपल्या देहावर गुदरलेलं दुःखसुद्धा तिच्या नावावर नाही.

म्हणजे पोरीचा प्रश्न बरोबर होता. खोट्याची किंमत असतेच. काउंटरनं फी मागितली ९८०, ती भरता आली नाही, तर दुसऱ्या खिडकीवर वेगळी फी भरावी लागली. ती नावाची होती आणि तीही गरिबानंच भरली.

ही फी मी भरलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी शहरात खोली शोधत होतो. सहा घरं झाली. सातव्या घरी मालकानं आडनाव विचारलं आणि मी एका मित्राचं सांगून टाकलं. खोली मिळाली. चौदा महिने राहिलो. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या घडीत. चौदा एप्रिलला सकाळीच बाहेर पडायचो. आई भेटायला यायची होती, तिला आधीच बजावलं, "इथं जय भीम म्हणू नको." दोन दिवस राहिली. मालकीणबाई चहा घेऊन आली तरी नुसती हसली. यष्टीत बसताना म्हणाली, "तुझ्या घरात माझी जीभ कुलपात व्हती रं." खोली वाचली. पण मालकाचा खोटेपणा माझ्या तोंडून वदवला गेला, आणि वर लाज मला वाटली, त्याला नाही.

यात मी एकटा नाही हे मला उशिरा कळलं. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा नाही. पारशांच्या एका खानावळवजा घरात उतरले, तर तिथं पारशाशिवाय कुणाला घेत नव्हते. वहीत पारशी नाव घालून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन दहाबारा पारशी आले आणि बाहेर काढलं. एवढा शिकलेला माणूस बागेत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. अठरा वर्षांनंतरही आठवण आली की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

त्याच लेखनात त्यांनी काठियावाडातला एक प्रसंग नोंदवलाय. १९२९ साली तो पत्रातून छापून आला होता. अस्पृश्य शाळामास्तर. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. दोन रुपये फीला नगरशेठ जामीन राहिला तेव्हा आला, तोही वस्तीबाहेर. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं मास्तरांच्या, मास्तरांनी बायकोच्या, आणि तसंच हातोहात परत. दिव्याच्या उजेडात वाचून न्यूमोनिया म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा बघायला आला नाही. बाई गेली.

काठियावाडातल्या त्या बाईला कुणाचं कार्ड उसनं मिळणार होतं? जात दुसऱ्याची उसनी घेता येत नाही. ती आपल्या खऱ्या नावानं मेली. हे आठवलं की खोट्याला नुसतं वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. सेनादानं खरं नाव सांगितलं असतं तर तीही तशीच गेली असती, आणि दोन पोरी मागं राहिल्या असत्या.

मग काय, खोटं चालेल म्हणायचं? बडोद्यानंतर दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, तेच बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर उतरले. पाणी तर चोरूनही मिळालं असतं. रात्री अंधारात घागर भरता आली असती, कुणाचं तरी नाव सांगून भरता आली असती. ते दिवसाढवळ्या गेले, हजारो लोक बरोबर घेऊन, आपण कोण आहोत हे सगळ्या गावाला माहीत असताना. तहान हा तिथला प्रश्न नव्हता. पाणी आपल्या नावावर पिणं हा होता. त्यासाठी डोकी फुटली.

बडोदा आणि महाड एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं आधी मला वाटायचं. आता वाटत नाही. बडोद्यात एकटा माणूस होता आणि रात्र काढायची होती. महाडला माणसं एकत्र होती आणि रीत मोडायची होती. एकट्यानं उसनं नाव घेतलं तर त्याला जाब विचारायचा नाही. पण एकत्र आल्यावरही आपण उसन्या नावावरच भागवत राहिलो तर जाब आपल्याला आहे. उसनं नाव जीव वाचवतं, पण काउंटरला काहीच करत नाही. उलट काउंटरला वाटतं, चाललंय की सगळं नीट.

म्हणून माझं उत्तर असं: सेनादानं केलं ते बरोबर होतं, आणि तरी ते कर्ज होतं. उसनं नाव फेडावं लागतं. फेड म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. पुढच्या बाईला ते नाव उसनं घ्यावं लागू नये असं काहीतरी करणं.

आणि आता ते नावाचं, जे लक्षात ठेवा म्हटलं होतं. सेनादानं आणि नाझिफनं हे कर्ज फेडलं. जी बाई दुसरीच्या नावानं हॉस्पिटलात गेली, ती स्वतःच्या नावानं, स्वतःच्या तोंडानं सगळ्या जगापुढं आली आणि मी असं केलं म्हणून दाखवलं. याहून मोठा खरेपणा मला माहीत नाही.

पण फेडणं एकट्यांच्या हातात नसतं. २०१३ साली बर्लिनच्या महोत्सवात सिनेमाला ज्यूरीचं मोठं बक्षीस मिळालं आणि कधी नाटकातही काम न केलेल्या नाझिफला उत्कृष्ट अभिनेत्याचं रुपेरी अस्वल. टाळ्या झाल्या. नंतर तो बायकापोरांसह जर्मनीत आश्रय मागायला गेला. अर्ज नामंजूर झाला. परत भंगार. शेवटी ते रुपेरी अस्वल चार हजार युरोला विकलं. २०१८ च्या फेब्रुवारीत तो गेला. वय ४८.

दोस्तहो, आपण लिहिणारी माणसं. आपली आत्मकथनं निघाली, भाषांतरं झाली, पुरस्कार मिळाले. वाचणारे रडले. नाझिफची गोष्ट आपली आहे ती इथं. खरं सांगणाऱ्यानं आपलं काम केलं की ऐकणाऱ्याचं सुरू होतं, आणि ऐकणारा टाळ्या वाजवून मोकळा होतो. त्या रात्री चादरीपुढं बसून आपणही ऐकणारेच होतो.

रोमा लोक हजारेक वर्षांपूर्वी इकडूनच तिकडं गेले. त्यांच्या बोलीत पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाक आहे. पण मी नातं मानतो ते त्यासाठी नाही. हंगेरीत शायोकाझा गावी रोमा पोरांसाठी काढलेली शाळा आहे, तिला नाव डॉ. आंबेडकरांचं आहे. ती माणसं 'जय भीम' म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचं नाव लपायला घेतलं नाही, उघडं उभं राहायला घेतलं. नाव उसनं घेण्याची ही दुसरी तऱ्हा आहे.

आता आपलं काम. आपल्याकडं कायदा नाही असं नाही. तातडीच्या रोग्याला डॉक्टरनं आधी वाचवलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं १९८९ साली सांगितलंय. तातडीचे उपचार नाकारणं हा सरकारी हॉस्पिटलाकडून जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं १९९६ साली सांगितलंय. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. आणि आपल्याही वस्तीत नाव चुकलेली कार्डं आहेत, माहेरच्या रेशनकार्डावर अडकलेल्या सुना आहेत, भाड्यानं राहतात म्हणून कुठंच नाव नसलेली घरं आहेत. त्यातल्या कुणावर रात्री वेळ आली तर ती उसनं कार्ड शोधत फिरणार.

त्या पोरीकडं मी गेलो. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच सापडलं. ती म्हणाली, "मग बाकीचं?" मी शंभर पानी वही पुढं केली. घर क्रमांक, बाईचं नाव, कुठल्या कार्डावर नाव आहे, कुठल्या नाही, असे रकाने तिनंच आखले. पहिल्या पानावर तिनं आपल्या आईचं नाव लिहिलंय. आईचं नाव एकाही कार्डावर बरोबर नाही.

रविवारी सकाळी नऊला विहारात जमायचं आहे. त्या रात्री जे हसले त्यांनी पहिली गल्ली घ्यावी.